पालथी बशी

"तळं कुठाय?" कुसाकाकीनं विचारलं.

चावडीच्या फरशीवर नकाशा अंथरला होता. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले होते, आणि मी गुडघ्यावर बसून आमचं शेंदुरठाण शोधून काढलं होतं. मारुतीचं देऊळ होतं. शाळा होती. ओढा होता, निळ्या रेघेनं काढलेला, आमच्या खऱ्या ओढ्यापेक्षा बराच भरलेला. तळ्याच्या जागी मात्र पिवळा रंग होता आणि तळ्यावरच्या अख्ख्या माळावरही पिवळाच.

"इथंच कुठंतरी असणार," मी म्हणालो.

"असणार म्हंजे? आत्ता बघून आले की मी. म्हशी बसल्यात त्यात."

मी नकाशाच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली. नकाशा उपग्रहाच्या छायाचित्रावरून केला होता आणि छायाचित्र उन्हाळ्यातलं होतं. उन्हाळ्यात आमच्या तळ्यात पाणी असतं, पण ते खाली, पाणी सोडायच्या मोरीपाशी, उपग्रहाला दिसेल इतकं नसतं. मी तसं सांगितलं. काकी म्हणाली, "मग उपग्रहाला म्हणावं, दिवाळीला ये."

मी तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात लोकप्रशासन शिकवत होतो. दुसऱ्या वर्षाला 'नियोजनातील लोकसहभाग' असं एक प्रकरण होतं. त्यावर पाच गुणांचा प्रश्न दर वर्षी येई आणि दर वर्षी पोरं तेच लिहीत, की लोकसहभागामुळे योजना लोकांची होते. मी पाचपैकी चार देत असे. जिल्ह्याच्या प्रादेशिक योजनेचा मसुदा जाहीर झाला, हरकती मागवल्या, तेव्हा मला मनातून बरंच वाटलं होतं. इतकी वर्षं शिकवलेलं एकदा डोळ्यांनी बघायला मिळेल म्हणून.

पिवळा म्हणजे काय, हे मी सगळ्यांना समजावलं. हिरवा म्हणजे शेती, पिवळा म्हणजे वस्ती. माळ पिवळा झाला की तिथं प्लॉट पडणार. माळ बराचसा शहरातल्या कुणा मंडळींनी आधीच घेऊन ठेवला होता, फक्त रंग बदलायची वाट होती. यावर गावात कुणाला जास्त समजवावं लागलं नाही. कुसाकाकीनं एका दमात सांगितलं, "माळावर पडतं ते तळ्यात येतं. तळ्यातलं हिरीत उतरतं. माळावर सिमेंट झालं की आपण हंडा घेऊन हायवेला उभं."

एवढंच वाक्य कुणीतरी साहेबासमोर म्हणायचं होतं. माझी पुढची सगळी धडपड ह्या एका वाक्यासाठी होती.

नगररचना कार्यालयात मी तीन खेपा घातल्या. तिथले उमाळे नावाचे साहेब मध्यमवयीन, सावकाश बोलणारे, यवतमाळकडचे होते. माझा अर्ज त्यांनी पूर्ण वाचला, हीच पहिली आश्चर्याची गोष्ट. मग चष्मा काढून म्हणाले, "प्राध्यापक साहेब, तुमचं बरोबर असेल. पण तुम्ही राहता तालुक्याला. तुमचा अर्ज म्हणजे एका बाहेरच्या माणसाचं मत. गावाचं म्हणणं गावाच्या तोंडून यायला पाहिजे."

मी म्हणालो, गाव इथं येणार नाही. सुनावणीला म्हणून एकदा एसटीनं आलेलं गाव दुपारपर्यंत व्हरांड्यात बसून परत गेलं होतं, कारण आत जायला कुणी या म्हणालं नव्हतं.

उमाळ्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग मीच येतो. स्थळपाहणी करू. मात्र मुदत संपत आलीय, दुसऱ्या दिवशी अहवाल समितीकडे जाणार. एकदाच येईन. तेवढ्यात जे बोलतील ते लिहून घेईन."

सरकारी माणूस स्वतःहून गावात येतो म्हणाला, हे मी घरी बायकोला सांगितलं तर तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितलं.

आता गाव बोलतं करायचं होतं, म्हणजे आप्पांना बोलतं करायचं होतं. आप्पा माझे थोरले चुलते. सरपंच कुणी का असेना, गावकी आप्पांची. दुष्काळात तळं खोदलं तेव्हा आप्पांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी पहिली कुदळ मारली होती, आणि तेव्हापासून तळ्याची मोरी उघडायचा मान आमच्या घराकडे. आप्पा दर साली मोरी उघडत आणि त्याआधी पाण्याला हात जोडत. तळ्याखालची त्यांची चार एकर त्या पाण्यावरच हिरवी होती.

आप्पा बोलण्यात कंजूष माणूस. तसं आमचं सगळं गावच. शेंदुरठाणात पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. नाही म्हणायचं असलं की चहा घ्यायचा नाही. कपावर बशी पालथी घालायची आणि कप तसाच पुढं सरकवायचा. सोयरीक नको असली, जमिनीचा सौदा नको असला, भावकीतली समजूत पटली नसली, तरी बशी पालथी. मग त्यावर चर्चा नाही. एकदा झाकलेल्या कपापुढं पुन्हा बसायचं नाही, कारण तो नको म्हणणाऱ्याचा अपमान आणि बसणाऱ्याचाही.

एकदा विधानसभेला उभा राहिलेला एक उमेदवार आमच्याकडं पाठिंबा मागायला आला होता. आप्पांनी बशी पालथी घातली, लागोपाठ ओळीतल्या सगळ्यांनी घातली. उमेदवार बाहेरचा. त्याला वाटलं, ही मंडळी आपलं भाषण संपेपर्यंत चहा गरम ठेवताहेत. त्यानं भाषणात या आदरातिथ्याचा खास उल्लेख केला. मतमोजणीत त्याला आमच्या गावातून जी मतं पडली त्यातलं एक त्याच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या सासऱ्याचं असावं, कारण त्याची सासुरवाड आमच्याकडची.

मी देवळात तालीम घेतली. "साहेब विचारतील, कुणाची हरकत आहे का. तेव्हा काय म्हणायचं?"

सगळे माझ्याकडं बघत बसले.

"म्हणा की काहीतरी."

"पाव्हण्याला आल्या आल्या हरकत सांगायची?" आप्पा म्हणाले. "मुरल्या, तुला कॉलेजात हेच शिकवलं का?"

मी म्हणालो, आप्पा, तो पाहुणा नाही, तो विचारायलाच येणार आहे, आणि तुम्ही बोलला नाहीत तर तो 'हरकत नाही' असं लिहील. त्याला गप्प बसण्याचा अर्थ होकार असाच शिकवलेला आहे.

"गप बसणं म्हंजे हो?" आप्पांनी विचारलं. ते खरंच चकित झाले होते. "कुठल्या गावचा म्हणायचा हा?"

शेवटी तडजोड झाली. साहेबांना आधी तळं दाखवायचं, मग अंगणात चहा. चहा झाला की आप्पा बोलणार. चहाच्या आधी कामाचं बोलणं म्हणजे दारात उभं राहून जेवण्यासारखं, त्याला आप्पा तयार नव्हते. मी म्हणालो ठीक आहे. आप्पांनी माझ्यासमोर ते वाक्य दोनदा म्हणूनही दाखवलं. "माळ हिरवा ऱ्हाऊ द्या, तळं आमचं जगू द्या." दुसऱ्या वेळी त्यांचा आवाज थोडा कापला. मला वाटलं, आता पाचपैकी पाच.

उमाळे साहेब ठरल्या वेळी आले, हे दुसरं आश्चर्य. जीप वेशीतच सोडून ते चालत निघाले. तळ्याच्या बांधावर उभे राहिले. म्हशी होत्याच. कुसाकाकी पदर खोचून त्यांच्या पुढं चालत होती आणि माळावरून पाणी कसं येतं, कुठं थांबतं, कुठं मुरतं ते हात करून दाखवत होती. बोलत मात्र नव्हती, कारण आप्पांच्या आधी ती बोलणार नव्हती. उमाळ्यांनी नकाशा उघडला, पाण्याकडं पाहिलं, पुन्हा नकाशाकडं पाहिलं.

"प्राध्यापक साहेब," ते हळूच म्हणाले, "हे तळं नाही, असं आमचं म्हणणं आहे."

"हो."

"त्यात म्हशी आहेत."

"हो."

"कमाल आहे बाप्पा," ते म्हणाले आणि बराच वेळ पाण्याकडं बघत राहिले. त्यांना पटलं होतं. मी आजवर अनेक सरकारी माणसं बघितली आहेत, पण पटलेला चेहरा तेवढा एकच.

अंगणात सतरंजी होती. गाव बसलं होतं, बायका ओट्यावर. आप्पा मधोमध. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता आणि ओठ हलत होते, वाक्य मनात म्हणत असणार. चहा आला. चांगल्या, फुलाफुलांच्या कपबश्या काढल्या होत्या, लग्नकार्यातल्या. उमाळ्यांनी कप हातात घेतला, एक घोट घेतला, चहा छान आहे म्हणाले आणि मग थबकले.

"एक मिनिट हं," ते मला म्हणाले. "तळ्याभोवतीचा हिरवा पट्टा इथल्या इथे पंचनाम्यात घेता येतो का, वर विचारून घेतो. जमलं तर गावाची हरकत आणि दुरुस्ती एकदमच होऊन जाईल. फोनला रेंज कुठे येते?"

रेंज मारुतीच्या पारावर येई. मी नकाशा गुंडाळत होतो. नळीत घालता घालता म्हणालो, चला दाखवतो. नळीचं झाकण लावून मान वर केली तेव्हा ते चालायला लागले होते. मी मागोमाग गेलो.

पारावर त्यांचं बोलणं जरा लांबलं. वरचे साहेब आधी रागावले, मग म्हणाले, गाव एकमुखानं सांगत असेल तर घ्या. उमाळ्यांनी फोन खिशात ठेवला आणि पहिल्यांदाच मोकळं हसले. "झालं," म्हणाले. "आता त्यांनी फक्त बोलायचं."

आम्ही अंगणात परत आलो तर अंगण रिकामं होतं.

सतरंजी होती. सतरंजीवर कप होते, ओळीनं. प्रत्येक कपावर बशी पालथी. मधोमध, आप्पांच्या समोरच्या मानाच्या जागी, उमाळे साहेबांचा कप. त्यावरही बशी पालथी.

 कुणी झाकला हे विचारायची गरजच नव्हती.

उमाळ्यांनी मात्र ती ओळ पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा," ते म्हणाले, "बसू या मग." मांडी घालून ते सतरंजीवर बसले, आपल्या कपावरची बशी काढली आणि कोमट चहा पिऊ लागले. हा माणूस इतका निवांत कसा, ते मला तेव्हा कळलं नाही. समजून घ्यायला वेळही नव्हता. मी आप्पांच्या घराकडं पळालो.

आप्पा गोठ्यात वैरण टाकत होते. सदरा काढून ठेवलेला.

"आप्पा, उठून का आलात? त्यांना पटलंय सगळं. वरनं हो आलंय. तुम्ही नुसतं बोलायचंय."

"त्यानं बशी घातली," आप्पा म्हणाले.

"माश्या बसू नयेत म्हणून घातली असेल."

"माश्या आमच्या चहावर बी बसतात. आमी हातानं हाकलतो."

"आप्पा, त्यांना इथली पद्धत माहीत नाही."

"अन् त्याला आमचं तळं म्हाईत न्हाई. मग त्याला म्हाईत काय हाय?" त्यांनी पेंढीची गाठ सोडली. "एक घोट घेतला, झाकला आन् उठून गेला. गावादेखत. वडलांनी खोदलेल्या तळ्याचं मागणं मी आता त्या झाकल्या कपापुढं करू? मुरल्या, तू शिकलास, तुला चालत असंल."

मी समजावलं. मग विनवलं. मग चिडलो, आणि चिडून म्हणालो की एका बशीपायी गाव तहानेनं मरेल. आप्पा म्हणाले, मरंल तेव्हा मरंल, पण भीक मागून न्हाई. त्यात भीक कुठून आली हे मी विचारलं, त्यावर म्हैस हंबरली आणि आप्पा तिच्याशी बोलायला लागले.

कुसाकाकी दारातच होती. मी तिच्याकडं वळलो. काकी, तू तरी चल. तेवढं एक वाक्य म्हण. चावडीत म्हणालीस तेच.

तिनं पदर ओढला. डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं असावं. "जायला काय, आत्ता जाते. पण गावानं झाकलेल्या कपापुढं मी एकटी जाऊन बसले, तर उद्या माझ्या लेकीची सोयरीक या गावातनं कोण धरंल? थोरल्या दिरानं बशी घातलीय. तू जाशील निघून तालुक्याला."

मी आणखी चार घरं फिरलो. प्रत्येक घरात मला चहा विचारला आणि प्रत्येक घरात सांगितलं की माळ हिरवाच राहिला पाहिजे. गाव एकमुखानं बोलत होतं. फक्त आपापल्या घरात बसून.

परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. उमाळे तसेच बसून होते. त्यांनी मला बघितलं, माझ्या मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"येतायत ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, काहीतरी गैरसमज झालाय, पुन्हा एकदा या. ते म्हणाले, उद्या अहवाल जाणार. आणखी थोडं थांबू. आम्ही थांबलो. ओळीतल्या कपांवर माश्या बसत नव्हत्या, एवढा मात्र बश्यांचा उपयोग झाला. सूर्य माळामागं गेला तेव्हा त्यांनी पेन काढलं.

"तुमची हरकत लिहू?"

"लिहा."

त्यांनी लिहिलं. मग बाकीचं लिहिलं. वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा आवाज अगदी सपाट होता. स्थळपाहणीच्या वेळी तळे आढळून आले. ग्रामस्थांना म्हणणे मांडण्याची पुरेशी संधी देण्यात आली. ग्रामस्थांपैकी कोणीही हरकत नोंदवली नाही. बाहेरगावच्या एका इसमाने हरकत घेतली.

बाहेरगावचा इसम म्हणजे मी. शेंदुरठाणात जन्मलो, त्या तळ्यात पोहायला शिकलो. सही केली.

योजना मंजूर झाली. अंतिम नकाशात तळं आलं, निळं, व्यवस्थित, नावासकट. उमाळ्यांच्या पाहणीचा तेवढा परिणाम झाला. माळ पिवळाच राहिला. दोनचार वर्षांत माळावर रस्ते पडले, गटारं झाली आणि पावसाचं पाणी गटारांतून पलीकडच्या ओढ्याला जाऊ लागलं. वसाहतीला नाव दिलं 'लेक व्ह्यू'. तिथल्या गच्चीवरून आमचं तळं खरोखर दिसतं. तळ्यात पोरं क्रिकेट खेळतात. त्यामुळं असं झालं की नकाशावर तळं नव्हतं तेव्हा गावात होतं, आणि नकाशावर आलं तेव्हा गावातून गेलं. पेपर तपासताना मी आता त्या प्रश्नाला पाचपैकी दोन देतो. पोरं तक्रार करतात.

उमाळे मला बऱ्याच वर्षांनी एका लग्नात भेटले. निवृत्त झाले होते. पंगतीनंतर चहा घेताना त्यांनीच विषय काढला. "त्या दिवसाचं मला अजून कोडं आहे," म्हणाले. "गाव परत का आलं नाही? मी तर खात्रीनं बसलो होतो. सगळ्यांचे कप झाकलेले होते ना."

"म्हणजे?"

"आमचे वडील रेल्वेत. चहा अर्धा असतानाच बोलावणं यायचं. ते कपावर बशी ठेवून जायचे आणि आई कुणालाही तो कप उचलू द्यायची नाही. झाकलेला कप म्हणजे माणूस परत येणार. मीही म्हणूनच झाकून गेलो होतो. आलो तर सगळ्या गावानं झाकलेले. मला वाटलं, काय सुंदर पद्धत आहे. शब्द दिल्यासारखी."

मी त्यांना आमची पद्धत सांगितली नाही. त्यांच्या हातात चहा होता.

पण आप्पांना मी सांगितलं. पुढच्या खेपेला गावी गेलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. गुडघे गेलेले, नजर शाबूत. सुनेनं आम्हा दोघांना चहा दिला. मी उमाळ्यांचं सगळं सांगितलं, त्यांच्या वडिलांचं, आईचं. आप्पा माळाकडच्या रस्त्यावर नजर लावून ऐकत होते.

शेवटी म्हणाले, "म्हंजे त्यो आला होता परत."

"हो."

"किती वेळ बसला?"

"सूर्य बुडेस्तवर."

आप्पा गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा अर्थ मला लावता आला नाही, आणि मी लोकप्रशासन शिकवतो.

तेवढ्यात वेशीत टँकरचा हॉर्न वाजला. घराघरांतून हंडे निघाले. सून कळशी घेऊन धावली, कुसाकाकी लंगडत तिच्यामागं. आप्पांना रांगेत उभं राहायला कुणी सांगत नाही, पण ते जातात. मोरी उघडायचा मान ज्या घराकडे, त्यानं टँकरच्या नळीलाही पहिला हात लावायचा, असं त्यांनी ठरवलेलं आहे. ते काठी टेकून उठले. कप वाफाळत होता. एक घोटच घेतलेला.

त्यांनी बशी उचलली. हात कपावर आला. कपाच्या काठावर एक माशी येऊन बसली.

मी बघत होतो. आप्पांनाही कळलं की मी बघतोय.

त्यांनी बशी उताणी खाली ठेवली, हातानं माशी हाकलली आणि तो वाफाळता चहा उभ्या उभ्या एका दमात घशात ओतला. भाजलं असणार. डोळ्यांतून पाणी आलं.  रिकामा कप खाली ठेवला आणि टँकरकडं चालायला लागले.